न पुसलेली जागा

आमचें गांव नेकनूरजवळ, बालाघाटच्या माथ्यावर आहे. तेथून बीडला यावयाचें म्हणजे मांजरसुंब्याचा घाट उतरावा लागतो. आमच्या घरीं एक जुनी जीप आहे. बाजारचा भाजीपाला, आजारी माणूस, परीक्षेस निघालेलीं मुलें, या सर्वांना तीच बीडला पोंचविते. गेल्या वर्षीं दसऱ्यानंतर या जीपपायीं मला जो धडा मिळाला, तो या अंकाच्या निमित्तानें माझ्या सोबत्यांस व वडील मंडळींस सांगावा, असें मनांत आलें.

जीप कोठेंहि उभी केली कीं खालीं तेलाचा काळा डाग पडे. दर आठवड्यास बाबांना इंजिनांत तेल घालावें लागे. एका मिस्त्रीनें इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचें पॅकिंग दोनदां बदललें. पैसे गेले, गळती मात्र तशीच राहिली. तेव्हां बाबा म्हणाले, "आधीं गाडी खालून स्वच्छ करूं. एवढा मळ आहे तोंवर तेल कोठून येतें, हें ब्रह्मदेवालाहि कळावयाचें नाहीं."

त्यांनीं मला त्याचें कारण समजावून दिलें. गळणारें तेल जेथें निघतें तेथें थांबत नाहीं. तें उतारानें खालीं येतें, गाडी धांवतांना वाऱ्यानें मागें पसरतें, आणि त्यावर रस्त्याची धूळ बसून वर्षानुवर्षें थरावर थर चढत जातो. म्हणून थेंब जेथें पडतो तेथें नव्हे, तर ओल जेथें सर्वांत वर आणि सर्वांत पुढें दिसते, तेथें दोष शोधावा.

शनिवारीं दुपारीं आम्हीं कामास प्रारंभ केला. इंजिन थंड होऊं दिलें, जीप अंगणांतील खड्ड्यावर घेतली आणि चाकांना दगड लावले. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीहि शिरूं नये, ही बाबांची पहिली ताकीद. घट्ट मळ मीं पत्र्याच्या तुकड्यानें खरवडला, मग डिझेलमध्यें बुडविलेल्या ब्रशानें घांसून चिंध्यांनीं पुसला. पेट्रोल झटकन पेट घेतें, म्हणून तें वापरावयाचें नाहीं. ब्रेकच्या नळ्यांजवळ डिझेलहि नको, कारण त्यानें तेथील रबर फुगून खराब होतें. तेथें साबणाचें पाणीच घ्यावयाचें. निघालेला सारा मळ घमेल्यांत धरला, कारण अंगणाच्या खालच्या अंगास आमची विहीर आहे.

दोन तासांत माझे हात कोपरांपर्यंत काळे झाले. मागच्या डाव्या चाकाच्या आंतल्या बाजूस मळ दगडासारखा घट्ट बसला होता. मीं दोनदां खरवडून पाहिलें आणि सोडून दिलें. तेल तर इंजिनांतून गळतें, मागच्या चाकाशीं त्याचा काय संबंध, अशी मीं मनाची समजूत घातली. बाबांनीं वरून विचारलें, "सगळें पुसलेंस ना रे?" मीं म्हटलें, "हो बाबा, सगळें झालें."

गुरुजींना विचारून मीं शाळेंतून खडूचे उरलेले तुकडे आणले होते. त्यांची वस्त्रगाळ पूड करून बाबांनीं ती पुरचुंडींतून इंजिनाच्या कोरड्या झालेल्या भागावर झटकली. मग इंजिन अर्धा तास चालविलें आणि बंद करून विजेरीच्या उजेडांत पाहिलें. पांढऱ्या पुडीवर काळी रेघ स्पष्ट उमटली होती. पण ती खालच्या टाकीपाशीं नव्हे, तर अगदीं वर, इंजिनाच्या झांकणाच्या कडेपासून निघाली होती. पॅकिंग चिरलें होतें वरचें, आणि बदललें जात होतें खालचें! बाबांनीं आनंदानें माझी पाठ थोपटली. मला मात्र चोरट्यासारखें झालें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं काका व काकू ऊंसतोडीस निघावयाचीं होतीं. आमच्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास घरास कुलूप लावून पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील साखर कारखान्यांकडे जातात, तीं उन्हाळ्यांत परततात. काका, काकू, त्यांचीं दोन लहान मुलें आणि टोळींतील आणखी चार माणसें यांना बाबा बीडपर्यंत पोंचविणार होते. नवें पॅकिंग बीडलाच मिळणार, तोंवर तेल भरून जीप न्यावयाची, असें ठरलें. रात्रीं मला झोंप आली नाहीं. घाटाचीं वळणें आणि मागच्या बांकावर काकूच्या मांडीवर बसलेली धाकटी बहीण डोळ्यांपुढें येत राहिली. पहाटे बाबांना उठवून मीं सांगितलें, "बाबा, मागचें डावें चाक मीं पुसलें नाहीं. मी खोटें बोललों."

बाबा रागावले नाहींत. त्यांनीं ब्रश माझ्या हातीं दिला आणि स्वतः विजेरी धरली. मळ काढून, साबणाच्या पाण्यानें धुऊन आम्हीं ती जागा कोरडी केली. मग बाबांनीं दहा-बारा वेळां ब्रेक दाबला. स्वच्छ पत्र्यावर पातळ, निसरडी ओल हळूहळू खालीं उतरूं लागली. तें इंजिनाचें तेल नव्हतें, ब्रेकचें होतें. चाकाच्या आंतील ब्रेकचें रबर गेलें होतें. आमच्या जुन्या जीपमध्यें चारही चाकांच्या ब्रेकांना तेल एकाच पेटींतून, एकाच मार्गानें जातें. तें घाटांत संपलें असतें, तर एकाहि चाकाला ब्रेक उरला नसता.

जीप त्या दिवशीं निघाली नाहीं. काका-काकू एस.टी.नें गेलीं. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर धांवली, तेव्हां बीड अजून हैदराबाद संस्थानांत होतें, असें आजोबा सांगतात. गाडी सुटतांना काकूनें खिडकींतून हात हालविला. आदल्या रात्रीं काय घडत होतें, तें तिला ठाऊक नव्हतें.

परततांना बाबा एवढेंच म्हणाले, "सांगितलेंस तें बरें केलेंस. पण कालच सांगावयास हवें होतें."

मळ काढल्यावांचून गळती दिसत नाहीं, हें मी शनिवारीं शिकलों. न पुसलेली जागा पुसली म्हणून सांगणें हाहि एक मळच आहे, हें मला दुसऱ्या पहाटे कळलें. आतां जीप खालून पुसावयाची असली, कीं मी मागच्या डाव्या चाकापासूनच आरंभ करतों.