लाठीचे अंतर

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या अकोट गावी, उन्हाळ्याच्या सुटीतील एका दुपारी, दोन भावंडे पडद्यावरचा एक जुना खेळ खेळत होती. जपानमधील ‘नामको’ कंपनीने १९९८ साली काढलेला ‘सोलकॅलिबर’ हा तो व्हिडिओ गेम. त्यात प्रत्येक योद्ध्याचे शस्त्र निराळे असते. ताईने तलवार चालवणारा मित्सुरुगी निवडला होता, तर धाकट्याने लाठीधारी किलिक.

धाकटा बटणे दाबीत सारखा पुढे धावे. ताई शांतपणे त्याचा वार अडवी, किंचित बाजूला सरे आणि उलट वार करी. एकदा तर धाकटा आपल्याच वेगाने रिंगणाबाहेर गेला आणि हरला!

झोपाळ्यावर बसलेले आजोबा हे सारे पाहत होते. तरुणपणी ते आखाड्यात लाठी शिकले होते. ते म्हणाले, “अरे, लाठी लांब आहे, हाच तिचा गुण. तू तलवारीला बिलगतोस, मग तो गुण वाया जातो. अंतर राख.”

धाकट्याने अंतर राखले. ताईची तलवार त्याच्यापर्यंत पोहोचेना. पुढचा डाव त्याने जिंकला. खेळाची खरी गोडी मारण्यात नसून समोरच्याचे पाऊल ओळखण्यात आहे, हे त्याला तेव्हा उमगले.

वऱ्हाडास ही विद्या नवी नाही. अमरावतीस १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ती जोपासली. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली.

सायंकाळी आजोबांनी माळ्यावरची लाठी काढली. अंगणात धाकट्याने ती फिरवली मात्र, ती त्याच्याच घोट्यावर बसली! पडद्यावर सोपे वाटलेले येथे मनगटाला जड झाले. मग आजोबांनी लाठी हाती घेतली. ती सणसणत आली आणि त्याच्या खांद्यापासून चार बोटांवर थबकली.

“लागली असती ना, आजोबा?” धाकट्याने श्वास रोखून विचारले.

“म्हणूनच थांबवली. पडद्यावरचा वार कोणाला लागत नाही, म्हणून तो थांबवावाही लागत नाही. वार करणे लवकर येते, बाळ. तो आवरायला वर्षे लागतात.”

दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावरचा खेळ पुन्हा रंगला. पण त्याआधी, पहाटेच, अंगणात लाठी घुमत होती आणि ताई हात मोजीत होती.