झाडे मोजण्याचे वेतन

गेल्या ज्येष्ठात खानापूर तालुक्यातील आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील घरी आले. "गुरुजी, झाडं मोजायला सरकार पगार देतंय म्हणते पोरगी. तुम्हीच सांगा बघू तिला, बी.एड. कर म्हणून." आम्ही मराठीचे एम. ए.; वृक्षांशी आमचा परिचय काव्यापुरता. तरी होकार देऊन बसलो!

मुलगी कागद घेऊनच आली. नेट परीक्षेतून संशोधनवृत्ती मिळालेली. २०२३ च्या जानेवारीपासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. मुदुमलईच्या अरण्यात १९८८ पासून ५० हेक्टरांतील एक सेंटिमीटर जाडीचे रोपटेही क्रमांक लावून मोजतात, कोणते मेले, कोणते नवे आले याची नोंद ठेवतात, असे तिने सांगितले. वणवा, दुष्काळ, हत्ती यांचा हिशेब दोनचार वर्षांत लागत नाही म्हणे.

"पैसे वेळेवर येतात?"

"कधी महिनोन्‌महिने अडकतात, सर."

तिने हे लपविले नाही. वडिलांच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज. आमचा उपदेश ओठांतच राहिला. पहिली रक्कम येईपर्यंतचा वसतिगृहाचा खर्च आमच्याकडून न्यावा, एवढेच आम्ही त्यांना सांगितले. ते काही न बोलता उठले. अद्याप आलेले नाहीत.