कोड एक, पॅकेजं चार

प्रोग्राम लिहून झाला, चाचण्या पार पडल्या, की लिहिणारा सुटतो. पॅकेज बांधणाऱ्याचं काम तिथून सुरू होतं. डेबियन, फेडोरा, आर्च, अल्पाइन ही सगळी लिनक्सच. पण ओपनएसएसएल लायब्ररी वापरून काही बांधायचं तर डेबियनमध्ये 'लिबएसएसएल-डेव्ह' मागावं लागतं, फेडोरात 'ओपनएसएसएल-डेव्हेल', अल्पाइनमध्ये 'ओपनएसएसएल-डेव्ह'. आर्चमध्ये नुसतं 'ओपनएसएसएल', कारण तिथे हेडर फायली वेगळ्या काढायची पद्धतच नाही.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१४ साली पोर्टलंडला भरलेल्या डेबियनच्या डेबकॉन्फ परिषदेत हेच गाऱ्हाणं मांडलं. त्यांनीच सुरू केलेल्या 'सबसरफेस' या स्कूबा डायव्हिंगच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या बायनरी विंडोज आणि मॅकसाठी निघत. लिनक्ससाठी मात्र नाही! पुढे तो बहुतेक वितरणांवर थेट चालणाऱ्या अ‍ॅपइमेज रूपात मिळू लागला.

नावांचा तक्ता करून ठेवता येतो. ग्लिबसी या सी लायब्ररीचं तसं नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ मध्ये ती २.२८ आहे, उबुंटू २२.०४ मध्ये २.३५. जुनीवर बांधलेलं सहसा नवीवर चालतं, उलट चालेलच असं नाही. म्हणून बांधणी जुन्यात जुन्या वितरणावर करायची. अल्पाइनला तीही चालत नाही, तिथे मसल ही वेगळीच सी लायब्ररी.

खरी परीक्षा मात्र पॅकेजसोबत जाणाऱ्या छोट्या स्क्रिप्टांची. सर्व्हिस बसवली की डेबियन ती सहसा लगेच सुरू करतं. फेडोरात बहुतेकदा ॲडमिनने सांगेपर्यंत ती थांबून राहते. यात बरोबर कोण, हा वाद घालण्यात अर्थ नाही. ज्याच्या घरी जायचं, त्याची रीत पाळायची.

अपग्रेडचा क्रम त्याहून फसवा. डेबियनमध्ये जुन्या पॅकेजची 'काढण्यापूर्वी'ची स्क्रिप्ट आधी चालते, मग नव्या फायली येतात. फेडोराच्या आरपीएममध्ये आधी नवं पॅकेज बसतं, त्याची 'बसवल्यानंतर'ची स्क्रिप्ट चालते, आणि मग जुन्याची 'काढण्यापूर्वी'ची. त्या जुन्या स्क्रिप्टमध्ये कुणी बेलाशक 'सर्व्हिस थांबवा आणि बंद करा' लिहिलं असेल, तर नव्याने नुकतीच सुरू केलेली सर्व्हिस जुनं पॅकेज जाता जाता बंद करून जातं. यावर उपाय आरपीएमनेच दिलेला आहे: त्या स्क्रिप्टला एक आकडा मिळतो. शून्य असेल तर पॅकेज खरंच काढलं जातंय. एक असेल तर नवी आवृत्ती मागे आहे, हात लावू नये. डेबियन त्याच जागी 'रिमूव्ह' किंवा 'अपग्रेड' असा शब्द देतं, जो वाचायला निदान सोपा आहे.

ओपन बिल्ड सर्व्हिससारखी साधनं एकाच ठिकाणाहून अनेक वितरणांसाठी बांधणी करून देतात. पण नवं पॅकेज कोऱ्या यंत्रावर बसवून पाहिलं, तर अपग्रेडचा हा दोष दिसतच नाही. त्यासाठी प्रत्येक वितरणाच्या यंत्रावर आधी मागची आवृत्ती बसवायची, सर्व्हिस चालू करायची, वर नवी आवृत्ती चढवायची आणि सर्व्हिस अजून चालू आहे का ते पाहायचं.