पहिला अनारसा

अनारसा बिघडणार असेल तर तुपात पडल्या पडल्या कळतं. कडा सैल होतात, जाळी पडायच्या ऐवजी पीठच पसरत जातं आणि कढईभर खसखस तरंगत राहते. अनारसा हसला, असं म्हणतात. मी शिकायला लागले तेव्हा पहिले घाणे असेच हसले. मग पिठात कोरडी पिठी घातली तर उलट तऱ्हा झाली. जाळीचा पत्ता नाही, तळ लालभडक, मध्ये गच्च गोळा.

याची कारणं तेव्हा ऐकायला मिळाली ती अशी, की अनारशाला हातगुण लागतो, तो सगळ्यांकडे नसतो. कुणाची नजर लागली तरी बिघडतो, म्हणून स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचं. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांनाही असंच सांगितलं गेलं होतं. पण नव्याने चुलीपुढे बसलेली मुलगी हे मनाला लावून घेते आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

शेजारच्या मावशींनी मात्र हसलेल्या घाण्याचं चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाहिलं. "अगं, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. पीठ ओलं राहिलंय आणि गूळ चढलाय. थोडी पिठी मिसळ आणि लगेच तळू नकोस, मुरू दे." पीठ फारच कोरडं झालं तर पिकलं केळं कुस्करून घालायचं, हेही त्यांनीच सांगितलं.

मावशींच्या बोटांना जे कळत होतं त्याला कारणं आहेत. तांदूळ तीन दिवस भिजतो, पाणी रोज बदलायचं, त्यात तो किंचित आंबतो. दाणा आतपर्यंत मऊ झाल्यामुळे कुटल्यावर पीठ हलकं आणि बारीक निघतं. मग त्यात साधारण वजनाइतका किसलेला गूळ, थोडं तूप, आणि गोळे डब्यात घालून काही दिवस विश्रांती. तुपात पडल्यावर गूळ वितळतो, पिठातल्या ओलाव्याची वाफ होते आणि ती बाहेर पडताना जाळी करून जाते. तेवढ्या वेळात तांदळातल्या पिष्टाने शिजून आकार धरायला हवा. गोडी वाढली की पिष्ट शिजायला जास्त उष्णता लागते. म्हणून गूळ जास्त झाला तर पीठ आकार धरण्याआधीच वाहून जातं. तूप पुरतं तापलेलं नसेल तरी तेच. आणि फार तापलं असेल तर बाहेरून लाल, आतून कच्चा. त्यामुळे आच मंद ठेवायची, खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं.

कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने 1970 साली वाटी-चमच्याचं प्रमाण दिलं आणि कितीतरी जणींना धीर आला. ते पुस्तक मला मोलाचं वाटतं. पण भिजलेला तांदूळ पंचावर किती वेळ सुकवायचा, ते वाटीने कसं मोजणार? हाताला दमट लागला पाहिजे, एवढंच सांगता येतं. दिवाळीच्या हवेत जो वेळ लागतो तो इतर वेळी लागत नाही. अधिक महिना तर दर खेपेला एकाच ऋतूत येत नाही आणि जावयाला वाण म्हणून 33 अनारसे द्यायचे ते त्याच महिन्यात. 2020 साली अधिक आश्विन होता, 2023 मध्ये अधिक श्रावण. श्रावणातल्या दमट हवेत तांदूळ सुकता सुकत नाही, आणि त्याच घरात, त्याच बाईच्या हातून, त्याच मापाने केलेले अनारसे हसतात. हातगुण काय तीन वर्षांत नाहीसा होतो?

2026 चा अधिक ज्येष्ठ मे-जूनमधला. तेव्हा तांदळाचं पाणी दिवसातून दोनदा बदलावं, नाहीतर फार आंबतं. पंचावर पसरलेला तांदूळ पंख्याखाली ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नये. आणि पीठ कसं झालंय ते पाहायला सुपारीएवढा एक अनारसा आधी तुपात सोडावा, तो 33 मध्ये धरू नये.