आवक-जावक

वडील कचेरीत आवक-जावक सांभाळायचे. इंटरनेटचा वेगही मला त्यांच्याच भाषेत समजला.

2001 साली पुण्यात आमच्या घरी 56 केबीपीएसचा मोडेम आला. आधी किर्र-खर्रचा गदारोळ, मग दोन दिवे लुकलुकायचे. दुसऱ्या दिवशी मावशीची तक्रार ठरलेली : "काल तासभर तुमचा फोन एंगेज!" 56 ही आवक. जावक फार तर 33.6. पण ती पाहायची कुणाला गरज होती? आम्हाला गाणी हवी होती.

गरज पडली ती आजीचा स्कॅन केलेला फोटो न्यू जर्सीला दादाकडे पाठवताना. फाइल साडेसहाशे केबीची, पण ईमेलला जोडली की साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणजे चारेक मिनिटांचं काम. तिसऱ्या मिनिटाला आईनं आतल्या खोलीतला रिसीव्हर उचलला, "हॅलो" म्हणाली आणि आजी अर्ध्या वाटेतच राहिली. पुन्हा पहिल्यापासून.

पुढे ब्रॉडबँड आलं. 2004च्या सरकारी धोरणात 256 केबीपीएसलाही ब्रॉडबँडच म्हटलं होतं. संगणकावर मात्र 30च्या आसपास आकडा दिसे. मी फसवणूक म्हणून हातपाय आपटले. वडील म्हणाले, "अरे, ते मापट्यानं विकतात, तू पायलीनं मोजतोयस." आठ मापट्यांची पायली, आठ बिटांचा बाइट. इतका चपखल हिशोब मला कुठल्या इंजिनिअरनं सांगितला नाही. तेव्हाच्या एडीएसएलमध्ये जावकेला कमी जागा मुद्दाम दिलेली असे : त्याच तांब्याच्या तारेवर 138 किलोहर्ट्झपर्यंतची चिंचोळी पट्टी वर पाठवायला, तिच्यापुढची 1.1 मेगाहर्ट्झपर्यंतची खाली आणायला. घरं घेतात जास्त, देतात कमी, असा हिशोब.

आता आमच्याकडे फायबर आहे, आवक 100 एमबीपीएस, जावकही 100. फोटो बोट उचलायच्या आत पोचतो. गंमत म्हणजे व्हिडिओ कॉलवर गोठतो तो दादाचा चेहरा. त्याच्याकडे केबलचं कनेक्शन, आवक 300, जावक जेमतेम 10. त्यातच नातवंडांचे व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागले की दादा तोंड उघडं ठेवून थिजतो.

परवा असाच थिजला. दोन-तीन सेकंद वाट पाहून वडील स्क्रीनकडे वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "आवकेचं कौतुक पुरे, जावक बघ!"

ते त्याला ऐकू गेलं. आमची जावक चांगली आहे.