सहा गुणाकारांचे काम चारांत

चित्रावरून तीन बाय तीन घरांची एक छोटी खिडकी सरकवत न्यायची. खिडकीत आलेल्या नऊ ठिपक्यांना नऊ ठरलेल्या आकड्यांनी, म्हणजे वेट्सनी, गुणायचे, उत्तरांची बेरीज करायची आणि खिडकी एक घर पुढे सरकवायची. कन्व्होल्यूशन म्हणतात ते हेच. पण २०१४ सालच्या व्हीजीजी-१६ या न्यूरल नेटवर्कला २२४ बाय २२४ ठिपक्यांचे एकच चित्र ओळखायला असे सुमारे १५ अब्ज गुणाकार करावे लागतात. हे गुणाकार करणारी सर्किट्स कमीत कमी जागेत आणि विजेत बसवणे हे माझे काम आहे.

बेरीज स्वस्त आणि गुणाकार महाग, या वस्तुस्थितीपासून आमच्या कामाची सुरुवात होते. आठ बिटांच्या दोन संख्यांची बेरीज आठ छोट्या अ‍ॅडरांत होते. गुणाकारात मात्र एका संख्येचा प्रत्येक बिट दुसरीच्या प्रत्येक बिटाला भेटतो. त्यासाठी ६४ अँड गेट लागतात, आणि त्यांतून निघालेल्या ६४ बिटांची बेरीज वेगळीच. म्हणून खर्च कमी करायचा म्हटले की विद्यार्थी आधी गुणक सर्किटाच्याच मागे लागतात. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत ‘ऊर्ध्वतिर्यग्भ्याम्’ सूत्रावरचा वैदिक गुणक हा प्रोजेक्टचा लाडका विषय आहे. सूत्र देखणे आहे, तोंडी हिशेबाला छानच आहे. पण सर्किटात उतरवले की बिटांच्या जोड्या तेवढ्याच, ६४. बदलते ती फक्त बेरजेची मांडणी. त्या मांडणीवर वॉलेस यांनी १९६४ मध्ये आणि डाडा यांनी १९६५ मध्ये पक्के काम करून ठेवले आहे, आणि सर्किट आखून देणारी आजची सिंथेसिस टूल्स तशा रचना आपोआप निवडतात. हुशार मुलांचे अख्खे वर्ष त्यात जाते याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण खरी बचत गुणकाच्या पोटात नाही. दोन शेजारच्या खिडक्यांमध्ये काय सामाईक आहे, तिथे ती आहे.

पहिली सामाईक गोष्ट म्हणजे ठिपके. स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये ४५ नॅनोमीटर तंत्रासाठी मांडलेले आकडे मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला दाखवते. आठ बिटांच्या गुणाकाराला ०.२ पिकोज्यूल लागतात, तर चिपबाहेरच्या डीरॅम मेमरीतून ३२ बिट आणायला सुमारे ६४०. चार छोट्या संख्या आणण्याच्या विजेत तीन हजारांवर गुणाकार होतील! खिडकी सरकताना प्रत्येक ठिपका नऊ वेळा लागतो. तो नऊदा बाहेरून आणणे म्हणजे उधळपट्टीच. म्हणून चिपवर चित्राच्या दोन ओळी मावतील एवढा लाइन बफर ठेवायचा. खालच्या ओळीतला ठिपका आला की त्याच्या वरचे दोन्ही हाताशीच असतात. एका चॅनेलला, म्हणजे चित्राच्या एका थराला, ४४८ बाइट पुरतात आणि नऊ फेऱ्यांची एक होते.

दुसरी सामाईक गोष्ट सहज दिसत नाही. खुद्द गुणाकारही वाटून घेता येतात. आयबीएममधले गणिती श्म्यूएल विनोग्राड यांनी दाखवले की तीन वेट्सच्या फिल्टरची, म्हणजे एकाच ओळीच्या खिडकीची, लागोपाठची दोन उत्तरे चार गुणाकारांत निघतात. २०१५ मध्ये अँड्र्यू लॅविन आणि स्कॉट ग्रे यांनी ही युक्ती न्यूरल नेटवर्कमध्ये आणली. ठिपके १, २, ३, ४ घ्या आणि वेट्स १, २, ३. सरळ रीतीने १ + ४ + ९ = १४ आणि २ + ६ + १२ = २०. गुणाकार सहा झाले. आता वेट्सच्या बेरजेचे अर्धे करा, ३ येतात. मधले वेट वजा धरून पुन्हा अर्धे करा, १ येतो. नेटवर्कचे प्रशिक्षण संपल्यावर वेट्स बदलत नाहीत, म्हणून हे एकदाच करून ठेवता येते. मग (१ − ३) × १ = −२, (२ + ३) × ३ = १५, (३ − २) × १ = १, (२ − ४) × ३ = −६. पहिल्या तिघांची बेरीज १४. दुसऱ्यातून तिसरा आणि चौथा वजा केला की २०. पेन्सिल घेऊन दुसरे आकडे घालून पाहा. इतक्या वर्षांनंतरही मला ते जुळताना पाहून आनंद होतो. हेच आडवे-उभे दोन्हीकडे केले की चार उत्तरांना ३६ ऐवजी १६ गुणाकार लागतात.

पण गुणाकारांची संख्या कमी झाली म्हणजे जागा त्याच प्रमाणात कमी झाली, असे नाही. गुणाकाराआधीच्या बेरजांनी संख्या रुंदावतात. आठ बिटांचे ठिपके दहा बिटांचे होतात, आणि अर्धे न करता पूर्णांकच ठेवले तर वेट्स बारा बिटांपर्यंत जातात. सगळे गुणक त्या मापाचे ठेवले तर एकेकाला ६४ ऐवजी १२० अँड गेट. ३६ गुणिले ६४ म्हणजे २३०४, आणि १६ गुणिले १२० म्हणजे १९२०. सव्वादोन पटीच्या गाजावाजातून हाती उरला एक षष्ठांश, त्यातही जादा बेरजांचा खर्च धरलेला नाही.

एफपीजीएवर, म्हणजे आतले तयार भाग हवे तसे जोडता येतात अशा चिपवर, मात्र चित्र पालटते. कॉलेजांच्या लॅबमध्ये दिसणाऱ्या पिंक-झेड२ बोर्डावरच्या झिंक-७०२० चिपमध्ये २२० तयार डीएसपी ब्लॉक असतात, आणि प्रत्येकातला गुणक २५ बाय १८ बिटांचा. आठ बाय आठ घाला की दहा बाय बारा, एक ब्लॉक अडतोच. सरळ रीतीने चार-चार उत्तरांचे सहा गट एका वेळी बसतात, विनोग्राडने तेरा. मुलांनी प्रोजेक्टसाठी हा विषय घ्यावा, असे मला फार वाटते.

याहून मोठा गट घेतला, चार बाय चार उत्तरांचा, तर १४४ गुणाकारांचे ३६ होतात. मोह पडावा असाच आकडा आहे. पण तिथे वेट्सना ६ आणि २४ ने भागावे लागते. बायनरीत हे भागाकार नेमके बसत नाहीत, आणि पूर्णांकच ठेवायचे तर संख्या आणखी रुंद होतात. आठ बिटांच्या कामात मी दोन बाय दोनवरच थांबते.