गळती

आमची अँबॅसडर डिझेल पिते हे साऱ्या सोसायटीला माहीत होतं. ती आता डिझेल गाळूही लागली आहे, ही बातमी सेक्रेटरींनी मला लेखी कळवली. ‘आपल्या वाहनातून द्रव पदार्थ सांडत असून सभासदांच्या पादत्राणांस त्याचा उपसर्ग होत आहे.’ गृहस्थ सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या घरी दूध नासलं तरी ते असंच कळवत असणार.

गाडी वडिलांची. अण्णांनी ती १९८६ साली घेतली. डिझेलची, चार सिलिंडरची, १४८९ सीसीची. हिचं घराणं मूळचं विलायतेतल्या मॉरिस ऑक्सफर्डचं, पण बंगालात उत्तरपाड्याला जन्मून ती पक्की देशी झाली. तो कारखाना २०१४ साली थांबला. त्यानंतर आमच्या गाडीकडे लोक जरा आदराने पाहू लागले. गाव सोडून सगळे गेले आणि एकच आजी वाड्यात राहिली की पाहतात तसं. पण तो आदर कागदावर चालत नाही. सरकारी नियमाप्रमाणे ‘व्हिंटेज’ व्हायला पन्नास वर्षं पुरी व्हावी लागतात. आमची आत्ता कुठे चाळिशीला आलेली. म्हणजे तरुण नाही आणि वयाचा मानही नाही. मध्यमवर्गीय माणसाची गाडी वयानेसुद्धा मधेच अडकावी, याला काय म्हणायचं!

त्यातून नोंदणीची पाच वर्षं पुढच्या महिन्यात संपत होती. पासिंगला गाडी न्यायची, आणि इन्स्पेक्टरसमोर तिने द्रव पदार्थ सांडला तर संपलंच. भंगारवाला दोनदा येऊन टायरला लाथ मारून गेला होता. (भाव करण्याआधी लाथ मारायची, ही या धंद्याची रीत असावी.) चिरंजीवांनी मोबाइलवर नव्या गाड्यांची चित्रं दाखवायला सुरुवात केली होती. “पार्किंग मोकळं होईल हो,” एवढंच ही म्हणाली. अण्णा काहीच म्हणाले नाहीत. वय वर्षं अठ्ठ्याऐंशी. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं, पण रविवारी सकाळी पुढच्या सीटवर डावीकडे बसून सारसबागेपर्यंत जाणं सोडलं नाही. कानाला यंत्र आहे. गाडी विकायचा विषय निघाला की ते यंत्र बिघडतं.

गळक्या गाडीभोवती तज्ज्ञ किती लवकर गोळा होतात! पहिल्या मजल्यावरचे निवृत्त सिव्हिल इंजिनिअर वाकून म्हणाले, “टाकी.” टाकी गाडीच्या मागे आणि डाग पुढे, पण ते एवढं बारीक बघत नाहीत. वॉचमन म्हणाला, “इंजिन गेलं साहेब.” ज्या गॅरेजमध्ये आम्ही नेहमी जायचो त्यांनी काही न बोलता दिसेल तो नट आवळून दिला. पाना हातात आला की आवळायचा, हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय आहे. गाडी घरी आली आणि जोमाने गळू लागली.

तेव्हा अण्णांनी खुर्ची खाली पार्किंगमध्ये मागवली.

“वर बघ,” ते म्हणाले. “दिवाणखान्याच्या छताला ओल येते तेव्हा गळत असतं वरच्यांच्या बाथरूममध्ये.”

हे मात्र सिव्हिल इंजिनिअरांनाही पटलं. पेट्रोल उडून तरी जातं. डिझेल उडत नाही, ओघळत राहतं. पाइपावरून, बोल्टावरून, कडेकडेने रांगत पार खाली जाऊन टपकतं. म्हणून आधी इंजिन पुसून लख्ख केलं. मग अण्णांच्या सांगण्यावरून हिचा पावडरचा डबा आणला आणि चारही इंजेक्टरांच्या आजूबाजूला पावडर भुरभुरली. तीट लावायची तेवढी राहिली. सेल्फ मारला, गाडी चालू ठेवली आणि टॉर्च घेऊन पाहत बसलो. पाचएक मिनिटांत तिसऱ्या इंजेक्टरच्या डोक्याशी पावडर ओली होऊन एक करडी रेघ खाली उतरू लागली. वर्षभर छळणाऱ्या चोराचं पाऊल असं रांगोळीत उमटलं, की पकडल्याचा आनंद चोरीच्या दुःखाहून मोठा होतो.

आता इंजेक्टर म्हणजे काय, हे दोन शब्दांत सांगतो. डिझेल गाडीला ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापते, आणि नेमक्या क्षणी तिच्यात डिझेलचा फवारा सोडायचा. तो सोडणारी पिचकारी म्हणजे इंजेक्टर. आपल्या भोवतीच्या हवेच्या शंभरपटीहून जास्त दाब. आतली सुई उचलली जाते, धुकं उडतं, सुई बसते. हे जमवणं सोपं नव्हतं. खुद्द डिझेलसाहेबांना इंधन आत ढकलायला दाबलेल्या हवेचं वेगळं लटांबर जोडावं लागे. १९१३ साली हे गृहस्थ बोटीने इंग्लंडला जाताना रात्रीतून नाहीसे झाले, त्याची कारणं लोक नाना सांगतात. मला विचाराल तर गळतीची तक्रार घेऊन बोटीवर कोणीतरी सेक्रेटरी भेटला असणार.

“तीन नंबरचा नट सैल कर,” अण्णा म्हणाले. “चालू गाडीवर. चिंधी धर, बोट नको.” सैल केल्याबरोबर गाडी लंगडू लागली. आवळला, सावरली. याचा अर्थ तिसरा सिलिंडर नीट कामावर होता. एखाद्याला सुट्टी देऊन काहीच फरक पडला नाही, तरच तो आजवर नुसता बसून होता म्हणायचं. (ही परीक्षा कचेऱ्यांतून का घेत नाहीत, कळत नाही.)

मग अण्णांनी विचारलं, “परत जाणारं परत जातंय का?”

मला वाटत होतं की चांगला इंजेक्टर गळत नाही. तसं नसतं. सुई आणि तिचं घर यांच्यात रबर-बिबर काही नाही. केसाहून कितीतरी बारीक फट असते, आणि तिच्यातून थोडं डिझेल वर झिरपतंच. झिरपावंच लागतं, त्यानेच सुईला वंगण मिळतं. हे झिरपलेलं चारी इंजेक्टरांच्या डोक्यावरून एक बारीक पाइप गोळा करतो आणि परत टाकीकडे पाठवतो. आमची परतीची नळी पुढे बॅटरीच्या पट्टीखाली चेपून बसली होती. त्याच गॅरेजने नवी बॅटरी बसवताना केलेला पराक्रम. परतीची वाट बंद, म्हणून डिझेल सगळ्यांत कच्च्या वॉशरमधून बाहेर पडत होतं. आणि वॉशर कच्चा झाला होता आवळून आवळून.

नळी बदलली. चारही इंजेक्टर उतरवून नाना पेठेत एका पंपवाल्या चाचांकडे नेले. चाचांनी एकेक यंत्रावर चढवून हाताने दाब दिला. करकर आवाज आणि तोंडाशी सुरेख धुकं. मी कौतुकाने हात पुढे केला तर चाचा ओरडलेच. ती धार कातडीतून आत शिरते, आणि वरून टाचणीएवढी खूण दिसली तरी धावत दवाखाना गाठावा लागतो. नोझल चारही उत्तम निघाले. “किसने संभाला इतने साल?” चाचांनी विचारलं. मी अण्णांचं नाव सांगितलं.

तांब्याचे नवे वॉशर मिळाले, एक सोडून. तो जुनाच अण्णांनी गॅसवर लाल करवून घेतला आणि पाण्यात टाकला. कसब्यातल्या तांबट आळीत हे कोणीही सांगेल: तांबं ठोकलं, दाबलं की कडक होतं, आणि तापवलं की पुन्हा मऊ. मऊ झालं तरच ते फटीत नीट बसतं. ही म्हणाली, “दुधाच्या शेगडीवर?” पण चिमटा तिनेच धरला.

पाइपातली हवा काढून गाडी चालू केली. अण्णा खुर्चीवरून उठले. त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक एकेका इंजेक्टरला टेकवलं आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाशी धरली. चारही ऐकायला बराच वेळ घेतला. “बोलतायत सारखे,” म्हणाले.

पासिंगच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. इन्स्पेक्टर तरुण होता. नंबर जुळवले, धूर पाहिला, खाली वाकून टॉर्च फिरवला. जमीन कोरडी. त्याने बॉनेट उगाचच पुन्हा एकदा उघडलं, आत बराच वेळ पाहिलं आणि माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात विचारलं, “विकायची आहे का हो?”

मी तोंड उघडणार तोच पुढच्या सीटवरून खणखणीत आवाज आला, “नाही!”